शेवटच्या वर्गातल्या मुलांना मोठ्या शाळेसाठी तयार कसं करायचं?

फळाखडू:
नमस्कार मंडळी. मी प्राथमिकला शिकवते, यंदा माझ्याकडे शेवटचा वर्ग आहे, ३४ मुलं. वर्ष संपलं की सगळी माध्यमिकला जाणार, निम्मी एका शाळेत आणि बाकीची इकडेतिकडे पांगणार. पालकसभेत एकच धोशा, पुढच्या वर्षीचा पोर्शन आत्ताच सुरू करा. मला ते अजिबात पटत नाहीये, कारण माझ्या वर्गात अजून ७-८ मुलं अशी आहेत की अपूर्णांकांची बेरीज म्हटली की वरचे आकडे वर मिळवतात आणि खालचे खाली, म्हणजे १/२ अधिक १/३ बरोबर २/५. त्यांना मी आत्ता बीजगणित कुठून शिकवू.

पण खरी काळजी वेगळीच आहे. गेल्या वर्षी इथून गेलेली एक मुलगी मध्यंतरी भेटायला आली होती. इथे असताना वर्गातली सगळ्यात बडबडी. तिकडे कसं चाललंय विचारलं तर गप्पच, पायाने जमिनीवर रेघा काढत उभी, आणि मग हळूच म्हणाली, "बाई, तिथे मला कोणी नावाने हाक मारत नाही." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. अभ्यास होईल मागेपुढे, पण मुलं अशी मिटून जाऊ नयेत म्हणून या उरलेल्या चार महिन्यांत मी नेमकं काय करू? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा.

दुरेघी वही:
मी पलीकडच्या बाजूची, माध्यमिकला विज्ञान शिकवते. आधी त्या नावाचं सांगते. तुमच्याकडे ३४ मुलं आणि दिवसभर तुम्हीच, माझ्याकडे पाच तुकड्या, जवळजवळ २०० मुलं, आणि एका तुकडीवर दिवसाला एक तास, तोही कधी असतो कधी नसतो. नावं पाठ व्हायला मला दोन-अडीच महिने लागतात, आणि आधी लक्षात राहतात ती खूप हुशार किंवा खूप दंगेखोर, मधली मुलं राहून जातात. हे वाईट आहे आणि मलाही आवडत नाही पण आहे असं आहे. म्हणून मुलांना एवढं जरूर शिकवा की तास संपल्यावर शिक्षकांजवळ जाऊन आपलं नाव सांगायचं आणि काय समजलं नाही ते एका वाक्यात विचारायचं. "मला काहीच कळलं नाही" असं नाही, तर "तुम्ही दुसरी पायरी केलीत तिथपर्यंत कळलं, पुढचं नाही कळलं" असं. जे मूल पहिल्या आठवड्यात असं येतं त्याचं नाव मी विसरत नाही.

दुसरं म्हणजे लिहिणं. तुमच्याकडे फळ्यावर लिहिलेलं उतरवून घ्यायची सवय असते, आमच्याकडे शिक्षक बोलत असतात आणि त्यातलं महत्त्वाचं आपणच टिपायचं असतं. नवी तुकडी आली की पहिले १५ दिवस मला प्रत्येक तासाला हेच प्रश्न, "बाई मागच्या पानावर लिहू का", "बाई निळ्या पेनने लिहू का काळ्या", "बाई समास आखायचा का". मुलं मुळीच मठ्ठ नसतात हो, त्यांनी स्वतः ठरवायचं असतं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. रोज पाच मिनिटं काहीतरी वाचून दाखवा, फळ्यावर काही लिहू नका, आणि त्यातले चार मुद्दे त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा. चार महिन्यांत फार फरक पडेल.

आणि गणितात पुढचं शिकवू नका ही हात जोडून विनंती. बीजगणितात अडकलेली बहुतेक मुलं क्ष-य ला अडकलेली नसतात, अपूर्णांक, ऋण संख्या आणि पाढे यात अडकलेली असतात. ते १/२ अधिक १/३ चं कागदाच्या पट्ट्या घेऊन करून घ्या. २/५ ची पट्टी १/२ पेक्षा छोटी निघते, म्हणजे मिळवल्यावर उत्तर कमी झालं, हे डोळ्यांनी दिसलं की मुलं आपणहूनच म्हणतात हे चुकलंय.

धाकट्याचा बाबा:
पालक म्हणून लिहितो. मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही चुकलो. शेवटच्या दिवसापर्यंत तिचं दप्तर तिची आई भरायची, गृहपाठ काय आहे ते आम्ही ग्रुपवर विचारायचो, तिला कशाची तोशीस नको म्हणून. मोठ्या शाळेत गेली आणि अचानक आठ विषय आठ शिक्षक, प्रत्येकाचा गृहपाठ वेगळ्या दिवशी, आणि एकाने काय दिलंय ते दुसऱ्याला माहीत नाही. दुसऱ्याच आठवड्यात रात्री साडेदहाला ती पलंगाखाली वाकून भूमितीची वही शोधत होती आणि हुंदके देऊन रडत होती, कारण नकाशाही उद्याच द्यायचा होता आणि ते तिला तेव्हा आठवलं. तो प्रसंग आठवला की अजून वाईट वाटतं.

धाकट्याच्या वेळी सहा महिने आधीपासून दप्तर त्याचं त्याने भरायचं, आम्ही हात लावायचा नाही. वेळापत्रक दाराला आतून चिकटवलं. गृहपाठाची एक छोटी डायरी केली, त्यात गृहपाठ ज्या दिवशी दिला त्या दिवशी न लिहिता ज्या दिवशी द्यायचाय त्या तारखेच्या पानावर लिहायचा. ही एवढीशी गोष्ट पण तिने सगळ्यात जास्त काम केलं. पहिल्या महिन्यात तीनदा वही विसरला, आम्ही शाळेत नेऊन दिली नाही, जीव तुटायचा पण नाही दिली. प्राथमिकला वही विसरली तर बाई समजून घेतात, त्यामुळे विसरायचं तर तिथेच विसरू दे असं आम्ही ठरवलं होतं. फळाखडू ताई, पालकसभेत पोर्शनऐवजी हे सांगा, आम्हाला कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

निळी छत्री:
वरचं सगळं पटलं, पण ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते लिहिते. मी शाळेत समुपदेशक आहे. नवीन आलेल्या मुलींपैकी काहीजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. का, तर स्वच्छतागृह कुठे आहे माहीत नसतं, किंवा मोठ्या मुली तिथे उभ्या असतात म्हणून जायची भीती वाटते. मग दुपारी डोकं दुखतं, पोट दुखतं आणि घरी वाटतं अभ्यासाचं टेन्शन आहे. शक्य असेल तर सुट्टीत एकदा नवीन शाळा आतून दाखवून आणा, आणि वर्ग, प्रयोगशाळा दाखवायच्या आधी स्वच्छतागृह आणि पाण्याचे नळ दाखवा.

मुलींशी पाळीबद्दलही आत्ताच बोला. बऱ्याच जणींना १२ च्या आसपास सुरू होते पण ९-१० व्या वर्षीही येऊ शकते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका छोट्या पाऊचमध्ये पॅड आणि जास्तीची चड्डी एवढं असलं आणि कोणाकडे जायचं ते माहीत असलं की अर्धी भीती जाते. मुलग्यांनाही सांगा, चिडवणं तिथेच थांबतं.

आणि झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, १३ च्या पुढे ८ ते १०. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते, आणि नेमकी तेव्हाच शाळा लवकरची झाली असेल तर मूल आळशी झालंय असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. पहिल्या सत्रात मार्क थोडे घसरतात तेही बऱ्याच ठिकाणी दिसतं, त्यावरून घरी लगेच रणकंदन नको.

चौकोनी खिडकी:
एकच सांगतो. "तिकडे गेल्यावर कळेल", "तिथे असे लाड चालणार नाहीत" ही वाक्यं वर्गात आणि घरी बंद करा. मी लहानपणी वर्षभर हेच ऐकलं होतं आणि पहिल्या दिवशी गेलो तोच पोटात गोळा घेऊन. प्रत्यक्षात तिथले सर चांगले होते पण मी भीतीपोटी वर्षभर हात वर केला नाही.

फळाखडू:
सगळ्यांचे मनापासून आभार. चौकोनी खिडकी, ते वाक्य मीही म्हणायचे. आता नाही म्हणणार.

काल पाच मिनिटांचं टिपण करून बघितलं. ३४ पैकी १९ जणांनी मी वाचलेलं शब्द न् शब्द लिहायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या वाक्याला मागे पडले, चौघांनी नुसती चित्रं काढली, पण एकाने चारच शब्द लिहिले होते आणि त्या चार शब्दांवरून त्याने सगळं सांगितलं. त्यालाच आज फळ्यापाशी उभं करून कसं केलंस ते वर्गाला सांगायला लावलं. बाबा, डायरीचं पुढच्या पालकसभेत तुमच्याच शब्दांत सांगणार आहे.

आणि त्या मुलीला आणि तिच्याबरोबर गेलेल्या अजून तिघांना पुढच्या शनिवारी वर्गात बोलावलंय, मोठ्या शाळेबद्दल प्रश्नांची उत्तरं द्यायला. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाई, मी बोलू ना नक्की?" मुलांना नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून डब्यात टाकायला सांगितलं होतं, आज उघडून बघितल्या. अभ्यासाबद्दल फक्त सहा आहेत. नऊ चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या अक्षरांत एकच प्रश्न आहे, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचं. निळी छत्री ताई, यावर काय सांगता येईल ते शनिवारच्या आत लिहाल का?