भिंतीवर गावं किती?

सचिव: नमस्कार. सोसायटीच्या गेटशेजारची भिंत रंगवायला पेंटर रविवारी येतोय. मुलांनी 'आपलं पिंपरी-चिंचवड' हा विषय ठरवलाय. काय काढायचं ते आजच कळवा.

बी-४०३: पिंपरीचे कारखाने आणि चिंचवडचे मोरया गोसावी. दोन चित्रांत होईल.

ए-१०२ काकू: दोन नाही हो, गावं चार होती. ४ मार्च १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली. माझं माहेर भोसरी. शहराच्या नावात दोनच आली, भिंतीवर तरी चारही येऊ देत.

सी-२०१: काकू, पण एकत्र करायची वेळ का आली? प्रत्येक गावाची ग्रामपंचायत होती ना?

ए-१०२ काकू: होती की. पण १९५४ ला पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना आला, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, मग कारखान्यांची रांगच लागली. राज्यभरातून माणसं कामाला आली. कारखाना एका गावाच्या शिवारात, कामगारांच्या खोल्या दुसऱ्या गावात. एवढ्या लोकांचं पाणी, गटार, दिवाबत्ती ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत कशी भागणार? नगरपालिका झाल्यावर जकात मिळू लागली, तिच्यावर सोयी झाल्या. १९८२ ला महानगरपालिका झाली. शेतं गेली त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण आईची डोक्यावरची घागर उतरली, तेही विसरत नाही.

डी-३०४ आजोबा: आकुर्डीसाठी तुकोबांची पालखी घ्या. देहू सोडल्यावर पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो.

बी-४०३: नऊ वर्षं राहतोय, हे ठाऊक नव्हतं. भोसरीचं काय काढायचं, काकू?

ए-१०२ काकू: भैरवनाथाचा उत्सव आणि घाटातली, म्हणजे चढाच्या धावपट्टीवरची, बैलगाडा शर्यत. घाटाचा चढ नीट दाखवायला सांगा.

सी-२०१: एक विचारू? आपली सोसायटी मोशीत आहे. मोशी चारांत कुठेच नाही.

डी-३०४ आजोबा: बरोबर बोललीस पोरी. मोशी, चिखली, वाकड ही गावं १९९७ ला शहरात आली. ज्या गावाच्या जमिनीवर आपण राहतो त्याचंच चित्र नाही, हे बरं दिसत नाही. नागेश्वर महाराजांचं देऊळ आणि इंद्रायणी काढा.

सचिव: मग पाच चौकोन आखायला सांगतो. मोशीचा गेटाला लागून.

ए-१०२ काकू: हो, तोच पहिला ठेवा. देवळाचा फोटो मी उद्या सकाळी काढून इथे पाठवते.