रांगेत दोघी चालतात, मग पानकापी आणि लष्करी मुंगीत फरक काय?

तासगावचा बागायतदार
पोरीला सातवीच्या प्रकल्पात मध्य-दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या दोन मुंग्या आल्यात: पानं कापणारी अट्टा आणि लष्करी मुंगी एसिटॉन. मी सांगून मोकळा झालो की एक पाला खाते, दुसरी किडे. बाईंनी पहिल्याच वाक्यावर लाल रेघ ओढली. आमच्या द्राक्षबागेत पाला कुरतडणारं सगळं पालाच खातंय की! चुकलं कुठं?

डोंगळा, कऱ्हाड
दादा, रेघ बरोबर आहे. ती पाला नेते बुरशीला घालायला. जमिनीखालच्या कप्प्यांत पानाचा लगदा करायचा, त्यावर बुरशी वाढवायची, पिल्लं त्या बुरशीवर पोसायची. नवी राणी घर सोडते तेव्हा तोंडात बुरशीचं विरजण घेऊनच निघते. आणि उसाच्या गाडीवर पोरगं बसतं तशी पानाच्या तुकड्यावर एक चिमुरडी मुंगी बसलेली असते. ओझं वाहणारीच्या अंगात अंडी घालायला माशी टपलेली असते, तिला हुसकायला.
ही मुंगी आपल्याकडं नाही, पण हाच धंदा आपली वाळवी करते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात त्या तिच्याच बुरशीच्या. (वाळवी मुंगीची नव्हे, झुरळाची भावकी. हेही लिहू दे पोरीला.)

मेंढका, आटपाडी
लष्करी मुंगी म्हणजे आमचा मेंढरांचा फिरता वाडाच बघा. बांधलेलं घर नाही. काही लाख मुंग्या पायात पाय अडकवून स्वतःच्याच अंगाचा गोळा करतात, आत राणी आणि पिल्लं. साधारण १५ दिवस रोज रात्री मुक्काम हलतो, मग २० दिवस एका जागी. अळ्या भुकेल्या असल्या की हलायचं, त्या कोषात गेल्या की थांबायचं. त्या थांब्यातच राणी अंडी घालते. आमचं चाऱ्यावर, त्यांचं पिल्लांच्या पोटावर.

तासगावचा बागायतदार
चित्रात त्यांच्यामागं पक्षी दाखवलेत. मुंग्या खायला?

मेंढका, आटपाडी
न्हाई. मुंग्या आल्या की पाचोळ्यातले नाकतोडे, झुरळं बाहेर पळतात, ती टिपायला. नांगरामागं बगळे येतात तसं.

डोंगळा, कऱ्हाड
माझं एक राहिलं. मोठ्या झालेल्या पानकाप्या कापता कापता पानाचा रसही पितात.

तासगावचा बागायतदार
म्हणजे अर्धा मार्क आमचा! पण बाईंकडं पोरगीच जाईल. मागच्या पालकसभेत मी जरा जास्तच बोललोय.