चेपलेली गोळी मोजू नका, तोला

जुन्या, तोंडातून भरायच्या बंदुकीची शिशाची गोल गोळी दगडावर आपटून चपटी झाली की ती कुठल्या बंदुकीची हे सांगता येत नाही, असं म्हणतात. व्यास गेला हे खरं, पण वजन कुठे गेलं? शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घन सेंमी, त्यामुळे वजनावरून मूळ गोळा किती मिमीचा होता ते उलटं काढता येतं. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धातल्या मॉनमथच्या (१७७८) रणभूमीवरच्या गोळ्यांना हीच युक्ती लावली होती. चपटेपणावरून वेग काढायचा तर मात्र तशीच गोळी ठरावीक वेगाने लाकडावर, मातीवर, तिरकी-सरळ झाडून बघण्याला पर्याय नाही.

आमच्या आजोबांच्या डब्यात नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या पायथ्याच्या शेतातली एक गोळी होती, एका बाजूने पार बत्ताशासारखी. सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे तोलली. "शिसं तोलायला आलात?" म्हणून हसला बिचारा. भरली १८.५ ग्रॅम, म्हणजे साधारण १४.६ मिमी. बंदुकीची नळी त्याहून थोडी मोठी धरायची, गोळी नळीच्या तोंडातून सहज आत उतरायला हवी ना. कडेचा टवका उडालाय, तेव्हा मूळ आकडा जरा जास्तच असणार. आणि हो, ती लगेच मुघलांनी रामशेजला घातलेल्या १६८२ च्या वेढ्याला चिकटवू नका, एखाद्या शिकाऱ्याचीही असेल.