फीड कालक्रमाने लावलं की सोशल मीडिया सुधारेल?

धागाकर्ता:
व्यसन आणि भडका यांच्यावर न चालणारं नेटवर्क बांधायचं तर पहिली कुऱ्हाड क्रमवारीवर. फीड कालक्रमाने, नव्या पोस्टी संपल्या की 'संपलं' अशी पाटी. नोटिफिकेशन दिवसातून एकदाच, गठ्ठ्याने. लाइकचा आकडा फक्त लिहिणाऱ्याला दिसावा. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना २०१७ मध्ये फेसबुकने संतापासकट सगळ्या इमोजींना लाइकच्या पाचपट वजन दिलं, २०२० मध्ये संतापाचं वजन शून्यावर आणलं. वजनंच नसती तर ही निस्तरानिस्तर लागलीच नसती.

प्रतिसाद १: असहमत
कालक्रम हीसुद्धा क्रमवारीच, फक्त तिथे जास्त बडबड करणारा जिंकतो. १०० जणांना फॉलो करा; त्यांतले ३ जण तासाला १० पोस्टी टाकत असतील तर उरलेले ९७ बुडाले. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुक-इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांना तीन महिने कालक्रमी फीड देऊन पाहिलं. निष्कर्ष २०२३ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आले: वापराचा वेळ घटला, पण अविश्वासार्ह स्रोतांचा मजकूर वाढला आणि ध्रुवीकरण जवळपास तसंच राहिलं. (फेसबुकवर शिवराळपणा कमी दिसला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

क्रमवारी ठेवा, निकष बदला. ट्विटरच्या बर्डवॉचमध्ये, म्हणजे आताच्या कम्युनिटी नोट्समध्ये, वापरकर्तेच पोस्टीखाली खुलाशाची टीप लिहितात, आणि एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा दोन्हीकडच्यांना उपयोगी वाटलेलीच टीप सगळ्यांना दिसते. पोस्टींनाही तेच लावा. फसतं ते लहान नेटवर्कात: पुरेशी मतं नसली की गट ओळखताच येत नाहीत. शिवाय मतं गोळा होईस्तोवर पोस्ट गावभर झालेली असते.

धागाकर्ता:
बडबड्यांचा मुद्दा मान्य. एका माणसाच्या दिवसभराच्या पोस्टी एकाच घडीत ठेवता येतील. पण 'गावभर' होण्यावर उपाय वेग कमी करणं हाच. अनेकदा फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, अशी अट व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० मध्ये घातली; कंपनीच्याच सांगण्यानुसार असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटले. फीडची क्रमवारी तिथे नव्हतीच!

प्रतिसाद २:
अवांतर वाटेल, पण पैसे कुठून? जाहिरातींवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'संपलं' म्हणजे गल्ला बंद. वर्गणी लावली तर दहातले नऊ मित्र येणार नाहीत, आणि मित्रांविना नेटवर्क कसलं? टीमची बढती कशावर ठरते ते आधी सांगा. रोजच्या मिनिटांवर ठरत असेल तर सहा महिन्यांत त्या पाटीखाली 'आणखी पाहा'चं बटण आलंच म्हणून समजा.