मदत हवी आहे : काल्पनिक बेटदेशाचं सैन्य खिशाला परवडेल असं कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही आठ जण गेले सात-आठ महिने डिस्कॉर्डवर राष्ट्रांचा रोलप्ले खेळतो. प्रत्येकाचा एक काल्पनिक देश, काळ आजचा, नकाशा आम्हीच काढलेला. खरा एक महिना म्हणजे खेळातलं एक वर्ष. लढाया कमीच होतात. करार, निवडणुका, मासेमारीवरून तंटे हेच जास्त, आणि मला त्यातच गोडी आहे.

माझ्या देशाचं नाव वेळावती. एक मोठं बेट, भोवती एकतीस लहान बेटं, त्यातल्या अकरांवर वस्ती. लोकसंख्या ५८ लाख, वर्षाचं राष्ट्रीय उत्पन्न ९० अब्ज डॉलर. पैसा येतो मासळी, बंदर आणि जहाजदुरुस्तीतून. उत्तरेला एक बलाढ्य देश, पश्चिमेला दुसरा, दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि दोघांचीही तेलाची जहाजं माझ्या २२ किलोमीटर रुंद सामुद्रधुनीतून जातात.

मागच्या रविवारी मी सैन्याचा तक्ता मॉडरेटरकडे, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणाऱ्याकडे दिला. दोन विमानवाहू नौका, १२० लढाऊ विमानं, दीड लाख खडं सैन्य. तो परत आला, खाली एकच ओळ : "पैसे कुठून आणलेस?" प्रश्न रास्त होता, म्हणून वही घेऊन बसले.

संरक्षणाला उत्पन्नाच्या अडीच टक्के धरले तर वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलर, आपल्या पैशांत साधारण १९ हजार कोटी रुपये. कोचीत बांधलेली आयएनएस विक्रांत सुमारे २० हजार कोटींना पडली. म्हणजे वेळावतीने वर्षभर एकाही शिपायाला पगार दिला नाही तरी एक विक्रांत पुरी होत नाही, आणि तीही विमानांशिवाय. भारताने २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार केला तो सुमारे ५९ हजार कोटींचा. माझी तीन वर्षं तिथेच संपली. थायलंडने १९९७ मध्ये चक्री नरुएबेत ही छोटी विमानवाहू नौका घेतली. २००६ मध्ये तिची हॅरियर विमानं निवृत्त झाली, त्यांच्या जागी दुसरी लढाऊ विमानं आली नाहीत. हे वाचल्यावर दोन्ही नौका मी स्वतःच खोडल्या.

मग ठरवलं की आधी देशाला भीती कशाची आहे ते लिहायचं आणि सैन्य त्यावरून काढायचं. तीन भीती निघाल्या : चोरटी मासेमारी, सामुद्रधुनीतली अडवणूक आणि एका रात्रीत होणारा उठाव. तिसरी मला मालदीववरून सुचली. ३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी राजधानी मालेचा ताबा घ्यायचा प्रयत्न केला. भारताचे छत्रीधारी सैनिक आग्र्याहून उडाले आणि त्याच रात्री मालेशेजारच्या हुलहुले बेटावरच्या धावपट्टीवर उतरले. ओलीस घेऊन जहाजातून पळणाऱ्यांना आयएनएस गोदावरी आणि आयएनएस बेतवा यांनी समुद्रात गाठलं. ती धावपट्टी बंडखोरांच्या हातात असती तर? म्हणून वेळावतीच्या विमानतळावर मी एक अख्खी बटालियन, आठशे माणसं, कायमची ठेवली आहे. तक्त्यातली माझी सगळ्यात आवडती ओळ तीच.

नौदलाचं गणित अजून कच्चं आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत मासळीवर हक्क माझा. एकटं पडलेलं एवढंसं बेट असलं तरी त्याच्या भोवती सव्वाचार लाख चौरस किलोमीटर पाणी येतं. एवढ्यावर गस्त कशी घालायची? सध्या नऊ गस्ती नौका धरल्यात. एक गस्तीवर, एक सरावात, एक डागडुजीला असा हिशोब केला तर समुद्रात एका वेळी तीनच दिसतात.

तर अडचणी अशा. सक्तीची लष्करी सेवा लावू की पगारी सैन्य ठेवू? न्यूझीलंडने २००१ मध्ये लढाऊ विमानांचा ताफाच मोडीत काढला, मी तसं केलं तर खेळात सगळे माझ्यावर चाल करून येतील का? आणि हुद्द्यांची नावं मराठी हवीत, पण सरकारी परिपत्रकासारखी नकोत. कोणी असे देश उभारले असतील तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये बावीस वर्षं काढली, तेवढ्यावरून सांगतो. नऊच्या नऊ नौका एकाच जातीच्या घ्या. तीन देशांकडून तीन-तीन घेतल्या की तीन तऱ्हेचे सुटे भाग, तीन तऱ्हेचे फिटर, आणि एक पंप बिघडला तर दुसऱ्या नौकेचा काढून बसवताही येत नाही. तुमच्याकडे जहाजदुरुस्तीचा धंदा आहे, तो तक्त्यात सैन्याइतक्याच ठळकपणे दाखवा. शेजाऱ्यांची जहाजं तुमच्या गोदीत चढत असतील तर तुमच्यावर हल्ला करण्याआधी ते दोनदा विचार करतील.

विमानांचं म्हणाल तर लढाऊ सोडा, टेहळणीची घ्या. मॉरिशसला स्वतंत्र सैन्यच नाही. पोलीस दलातच विशेष तुकडी आणि तटरक्षक दल आहे. त्यांच्याकडे टेहळणीला डॉर्नियर विमानं आहेत आणि कोलकात्यात बांधलेली बाराकुडा ही गस्ती नौका २०१५ पासून आहे. विमान मासेमारी बोट हेरतं आणि नौका थेट तिथे जाते. डिझेलचा खर्च कितीतरी वाचतो. आणि हो, डिझेलचा साठा किती दिवसांचा, तेही लिहा. रोलप्लेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण खऱ्या बंदरात सगळं त्याच्यापाशी येऊन अडतं.

प्रतिसाद २

सक्तीच्या सेवेचं गणित मांडून बघ. सिंगापूरने १९६७ मध्ये ती सुरू केली. मुलगे साधारण दोन वर्षं पूर्णवेळ सेवा करतात, नंतर बरीच वर्षं राखीव दलात. तुझ्या ५८ लाखांत वर्षाला ८० हजार जन्म धरले तर मुलगे ४० हजार. तब्येतीने बाद होणारे वगळले तरी दोन वर्षांचे मिळून सत्तर हजारांच्या आसपास एका वेळी छावणीत. त्यांना जेवण, गणवेश, शिकवणारे हवालदार! शिवाय अठरा वर्षांचा मुलगा होडीवरून उचललास की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणणार, खलाशी आणू कुठून? पुढच्या निवडणुकीत मासेमारांची मतं गेली समज. मी असतो तर वीस हजारांचं पगारी सैन्य आणि वस्तीच्या प्रत्येक बेटावर राखीव तुकडी ठेवली असती : वर्षाला तीन आठवडे सराव, तोही पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना.

नावांसाठी कोकणाकडे बघ. कान्होजी आंग्रे सरखेल होते, तुझा नौदलप्रमुख सरखेल असू दे. नौकेवर सारंग, तांडेल हे शब्द आजही जिवंत आहेत. मराठ्यांच्या किल्ल्यावर धान्य-दारूगोळ्याचं कोठार कारखानीस सांभाळायचा. रसद खात्याच्या प्रमुखाला तेच नाव शोभेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काका, डिझेलचा रकाना घातला : ४५ दिवस. कमी वाटत असेल तर सांगा. दादा, सरखेल लगेच घेतला. आमच्या आळीतल्या नाखवांना मी लहानपणापासून तांडेल म्हणतानाच ऐकलंय, तरी हा शब्द मला सुचला नव्हता. लढाऊ विमानं काढली, त्या जागी चार टेहळणी विमानं. पावसाळ्यातल्या सरावाची कल्पना तर मी संसदेतल्या चर्चेच्या प्रसंगातच वापरणार आहे.

एक मात्र अजून सुटत नाही. बेटांवरच्या राखीव तुकड्यांच्या बंदुका ठेवायच्या कुठे? स्वित्झर्लंडमध्ये सैनिक बंदूक घरी ठेवू शकतात, तसं केलं तर हल्ल्याच्या वेळी माणूस तासाभरात उभा राहील. पण वेळावतीला भीती आहे ती उठावाचीच, आणि अकरा बेटांवर घरोघरी बंदुका दिल्या तर तो उठाव माझ्याच शस्त्रांनी होईल. पोलीस ठाण्यात कुलपात ठेवल्या तर ठाणं पडलं की सगळंच गेलं. बंदूक घरी आणि गोळ्या ठाण्यात, असं चालेल का? तक्ता रविवारी पुन्हा द्यायचा आहे.