एमजीबी, मॉडेल १९६५ : दहा मिनिटांनी टकटक. इंजिन उतरवायचं का?

कॅडलरोडकर
नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी रोडस्टर, दोन सीटची, छत काढता येणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मामांनी १९७८ साली दादर पारशी कॉलनीतल्या एका बावाजींकडून घेतली होती. मामा गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "तूच ने बाबा, निदान माझी कुंड्यांची जागा मोकळी होईल." त्याला बारा वर्षं झाली. १७९८ सीसी, जोडीचे एसयू कार्बोरेटर, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा), पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला), सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. सगळं मूळचं ठेवलंय.

दुखणं असं. सकाळी चालू केली की इंजिन लोण्यासारखं. बिल्डिंगखाली पाच मिनिटं गरम करतो, शिवाजी पार्कवरून निघतो, आणि सेंच्युरी बाजारचा सिग्नल येईपर्यंत टक-टक-टक सुरू. लोखंडी उलथन्याने तवा ठोकल्यासारखी. आयडलला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) आणि हलक्या ॲक्सिलरेटरला येते, पाय दाबला की कमी होते. ऑइल प्रेशर चालत्या गाडीला साठ पौंड, गरम इंजिन आयडलला वीस. तापमान ठीक, धूर नाही.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, दहा सेकंद कान दिला आणि निकाल लावला : बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) गेलं, इंजिन उतरवायचं. आकडा ऐकून मी त्याचा चहा अर्धा टाकून उठलो.

एक विचित्र गोष्ट. आवाज भिंतीवर आपटून नीट ऐकू यावा म्हणून रविवारी सकाळी साडेसातला, छत काढून, मुद्दाम कोस्टल रोडच्या बोगद्यातून गेलो. दोन किलोमीटरचा बोगदा, मी कान टवकारून बसलेलो, आणि बाईसाहेब चिडीचूप! चौपाटीला बाहेर पडलो, मरीन ड्राइव्हच्या पहिल्या सिग्नलला पुन्हा टक-टक. डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो, तसलं काहीतरी.

इंजिन उघडण्याआधी काय काय तपासू?

गॅसकेट_गण्या
टॅपेट. नेहमी टॅपेटच असतं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), थंड इंजिनवर. पुढचा प्रश्न.

कॅडलरोडकर
गण्याभाऊ, केले. नऊच्या नियमाने केले : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज कायम नऊ. आठही पंधरा थाऊ. फरक शून्य.

पेट्रोलपुत्र
फट मोजायचं फिलर गेज फसवतं कधीकधी. जुन्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याने बारीक खळगा पाडलेला असतो. गेजची पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी बसते. तुम्हाला वाटतं पंधरा, आत असतात वीस-बावीस. रॉकर उतरवून टोकावर नख फिरवून बघा, खळगा लागला तर तेच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅसकेट फुंकत असेल तरी थेट टॅपेटसारखाच आवाज येतो, पण तो थंड इंजिनला जास्त आणि तापल्यावर कमी. तुमचं नेमकं उलटं आहे.

ॲम्बीवाले_काका
जरा थांबा सगळे. पाना हातात घेण्याआधी कान वापरू.

मी सरकारी मोटार वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, सगळी ॲम्बॅसडरवर. साहेब, तुमचं इंजिन आमच्या इंजिनाचं मोठं भावंड. दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजची, आमचं १४८९ सीसी, तुमचं १७९८. त्यामुळे ते कुठे कण्हतं ते मला थोडंफार कळतं.

बिग एंडबद्दल आधी बोलतो, कारण त्याच्या नावाने फार लोक लुबाडले जातात. बेअरिंग वाजेपर्यंत झिजलं असेल तर गरम आयडलला वीस पौंड प्रेशर सहसा राहत नाही, काटा खाली लोळतो. आणि ते ॲक्सिलरेटर दाबला की, जोर पडला की वाजतं. तुमचं जोर पडला की गप्प बसतं. तरी खात्री करा. आवाज चालू असताना एकेका प्लगची वायर काढून परत लावा, रबरी हातमोजा घालून. ज्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय त्याची वायर काढली की ठोका मऊ पडतो. चारही वायरींना फरक नाही, तर बिग एंडला हात लावू नका.

आता खरी युक्ती. टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) आहे का? त्याचा चिमटा एक नंबरच्या प्लग वायरला लावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांना तो एकदाच चमकतो, आयडलला मिनिटाला साधारण चारशे वेळा. कॅमशाफ्टही क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकच फेरी मारते. म्हणून दर चमकेला एक टक आली तर दुखणं वरच्या मजल्यावर : रॉकर, पुशरॉड, टॅपेट. एका चमकेत दोन टक, तर क्रँकच्या बाजूचं. आणि टक चमकेबरोबर राहतच नसेल, कधी पुढे कधी मागे सरकत असेल, तर ते इंजिनच्या आतलं नाही असं धरून चाला.

तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. लाइटला करंट देताना लाल चिमटा बॉडीला जाईल, काळा नव्हे. बॅटऱ्याही सीटमागे, तिथवर वायर पोचायची नाही. शेजाऱ्याच्या स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी बाजूला ठेवून तिच्यावर लाइट चालवा, डोक्याला ताप नाही.

आणि एक सांगा, बोगद्यात हेडलाइट लावले होते?

कॅडलरोडकर
काका, लावले होते. बोगद्यातच. बाहेर लख्ख ऊन होतं, बाहेर पडल्यावर बंद केले. याचा काय संबंध?

ॲम्बीवाले_काका
आधी चमक मोजा. मग बोलू.

कॅडलरोडकर
शनिवारचा वृत्तांत. प्लगच्या चारही वायरी एकेक करून काढून पाहिल्या, इंजिन लंगडलं, टकटक तश्शीच.

चमक मोजणं मला जमेना, मिनिटाला चारशे म्हणजे नुसती भिरभिर. मुलगी नववीत आहे, सहा वर्षं तबला शिकतेय. तिच्या कानाला बागेच्या पाण्याची रबरी नळी दिली, नळीचं दुसरं टोक मी इंजिनजवळ फिरवत होतो. ती चमकेवर मांडीवर ताल धरून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, हे लयीतच नाहीये. समेला येतं आणि हळूहळू सुटतं. परत येतं, परत सुटतं." तीनदा विचारलं, तीनदा तेच. वर "तुमचं इंजिन बेताल आहे" हेही ऐकवलं.

नळी रॉकर कव्हरवर ठेवली तर आवाज लांबचा वाटतो. खाली पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे नेली की तिने कान बाजूला केला.

गॅसकेट_गण्या
टॅपेट नाही म्हणता? मी माझे शब्द अर्धेच मागे घेतो.

ॲम्बीवाले_काका
पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. बेल्टवर फिरणाऱ्या वस्तू क्रँकच्या गतीने फिरत नाहीत, पुलीच्या मापाप्रमाणे कमी-जास्त फिरतात. म्हणूनच लय सुटते. आता इंजिन गरम करा, टकटक सुरू होऊ द्या, बंद करा, फॅन बेल्ट काढा आणि पुन्हा चालू करा. अर्ध्या मिनिटाच्या वर नको, कारण वॉटर पंप फिरणार नाही. डॅशवरचा लाल दिवा लागेल, घाबरू नका. बेल्टवर तुमच्याकडे दोनच वस्तू : पंखा बसवलेला वॉटर पंप आणि डायनॅमो.

माझी पैज डायनॅमोवर आहे. हेडलाइटवरून. गाडी चालू करताना स्टार्टरने बॅटरी खाल्लेली असते, ती भरेपर्यंत डायनॅमो ओझं ओढतो. ओझ्याखाली पुली शाफ्टच्या चावीवर (पुली शाफ्टला अडकवणारा लोखंडी तुकडा) एका अंगाला रेलून राहते. दहाएक मिनिटांत बॅटरी भरली की रेग्युलेटर चार्जिंग कमी करतो, ओझं उतरतं, पुली मोकळी होते आणि दर फेऱ्याला शाफ्टवर आपटते. बोगद्यात हेडलाइटचं ओझं आलं, पुली परत रेलली. आयडलला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, म्हणून सिग्नलला सगळ्यात जास्त वाजतं.

शेवटी डायनॅमोला कोणी हात लावला होता? कधी?

कॅडलरोडकर
अरे देवा. गेल्या दिवाळीच्या आधी डायनॅमोचा मागचा बुश बदलून घेतला होता. पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं सुचलंच नाही. गॅरेज तेच, बिग एंडवालं.

पेट्रोलपुत्र
हे वाक्य धाग्याच्या सुरुवातीला असतं तर माझा रॉकरवरचा निबंध वाचला असता.

कॅडलरोडकर
बेल्ट काढला, चालू केली. शांतता. इतकी की समोरच्या बिल्डिंगमधल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

डायनॅमो उतरवला. पुली दोन बोटांत धरून हलवली तर खुळखुळ्यासारखी डुलली. नट हाताने फिरला. त्याच्याखाली स्प्रिंग वॉशर नाही. आतली अर्धचंद्राची चावी एका बाजूने खाल्लेली, शाफ्टची खाच मात्र सुदैवाने शाबूत. पुलीचं भोक अंडाकृती झालेलं.

दुसरी पुली मिळते का म्हणून आधी चोर बाजार, मग कुर्ल्याला सीएसटी रोड. कुर्ल्यात एकाने तीन दाखवल्या, एकीचंही माप जमेना, चौथी आणतो म्हणून जो गेला तो आलाच नाही. शेवटी खेतवाडीतल्या एका लेथवाल्याने माझीच पुली घेतली, भोक मोठं करून आत बुश दाबून बसवला, शाफ्टच्या मापाला नवं भोक पाडलं, चावीची खाच मारली. चावीही त्यानेच घासून दिली. सहाशे रुपये आणि दोन कटिंग चहा. पुली बसवली, स्प्रिंग वॉशर घातला, नट नीट आवळला. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबेल इतकाच ताणला.

काल शिवाजी पार्क ते नरिमन पॉइंट आणि परत, हेडलाइट बंद ठेवून. बोगद्यात तेवढे लावावे लागले. एक टक नाही.

गॅरेजवाल्याला सांगायला गेलो नाही. उगाच वाद.

आता एकच शंका. इंजिन चालू न करता नुसती इग्निशनची चावी फिरवली की गाडीच्या मागून, उजव्या चाकाच्या बाजूने, टिक-टिक-टिक येतं. चार-पाच वेळा, मग बंद. हे आधीपासून होतं की आता सुरू झालं, कळत नाही.

ॲम्बीवाले_काका
तो तुमचा एसयू पेट्रोल पंप. चार-पाच टिका मारून गप्प बसला म्हणजे कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या, ठणठणीत आहे. इंजिन बंद असताना टिकटिक थांबलीच नाही, तर टाकी रिकामी आहे किंवा पेट्रोल कुठेतरी गळतंय. तसं झालं तर चावी लगेच बंद करा, मग नवीन धागा काढा.