मदत हवी आहे: दिवाळीआधी माळा कसा आवरायचा?

आम्ही दोघंही नोकरी करणारे, मुलं दुसरी आणि सहावीत, घर वन बीएचके. वसुबारसेच्या आत आवरायचंय आणि हाताशी फक्त रविवार. स्वयंपाकघर रोज रात्री एक कप्पा असं उरकतेय, त्याची चिंता नाही. खरं दुखणं माळ्याचं. सासूबाईंचं पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, मोडका पाळणा आणि "लागतील कधीतरी" म्हणून ठेवलेली टीव्ही-मिक्सरची रिकामी खोकी. खोकी जातील, पण घंगाळाला हात लावला की घरात महाभारत. (नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी ते दरवर्षी उतरतं, हेही खरं.) चिंच-मीठ लावून घासलं तरी महिन्याभरात परत काळं. लख्ख टिकवायला काही उपाय?

जुन्या साड्यांचं काय करता? पूर्वी बोहारीण दारात यायची, आता आमच्या सोसायटीत वॉचमन सोडत नाही. मऊ सुती साड्या गोधडीला ठेवल्यात, बाकीच्या?

फराळाचं म्हणाल तर भाजणी (तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, वर धणे-जिरे) आधीच भाजून दळून आणेन. शंकरपाळे, चिवडा आठवडाभर आधी चालतात. चकल्या माझ्या लगेच मऊ पडतात, म्हणून त्या ऐनवेळी. करंज्या विकत आणाव्यात असं माझं स्पष्ट मत. नवऱ्याला पटत नाही. मग सारण भरायला त्यानेच बसावं.

आणि हो, मुलांना किल्ला करायचाय. गॅलरीत वॉशिंग मशीन आहे, जिन्यात सेक्रेटरी करू देत नाहीत. कुठे मांडू?